सुतकातले मासे

"दाजी, उठा. दोन घास खाऊन घ्या. भाकरी गार झाली."

सोपानमामा उंबऱ्याबाहेर उभा होता. एका हातात फडक्यात बांधलेलं जेवण, दुसऱ्या हातात वल्हं. वल्हं त्यानं बाहेरच भिंतीला टेकवलं. घरात सुतक होतं, आणि सुतकाच्या घरात पाण्यावरची कुठलीही वस्तू आणायची नाही हा आमच्या भोईआळीचा दंडक.

आण्णा, म्हणजे माझे वडील, भिंतीला पाठ लावून बसले होते. आई गेल्यापासून ते तिथेच होते. कोणी ताट पुढं केलं की हात धुवायचे, ताट उचललं की पुन्हा भिंतीकडं सरकायचे.

"ठेव तिथं," ते म्हणाले.

"ठेवायला न्हाई आणलं. माझ्यादेखत खावा. पारी मला इचारंल, माझ्या मालकाला उपाशी ठिवलंस का म्हून."

पारी म्हणजे माझी आई. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. मामा मात्र ती बाजारला गेल्यासारखंच बोलत होता. मला त्याचा राग यायचा, आणि त्याला यायला जरा उशीर झाला की माझे डोळे दाराकडे लागायचे.

मयताच्या घरी दहाव्यापर्यंत चूल पेटत नाही. भावकी, शेजारीपाजारी जेवण आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. सोपानमामा आमच्या भावकीतला नव्हता, शेजारीही नव्हता. तो आईचा मानलेला भाऊ. आईचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आईबाप त्या आधीच गेलेले, पाठीला भाऊ नाही. मामा त्याच बुडालेल्या गावचा. आईच्या लग्नात नवरीच्या मागं उभं राहायला कोणी नव्हतं म्हणून तो उभा राहिला, आणि मग जन्मभर उभाच राहिला. दर भाऊबीजेला यायचा. ओवाळणीत कधी लुगडं, आणि हात तंगीत असला तर पाटीभर मासे. आई हसून म्हणायची, भोयाच्या लेकीला माशाची ओवाळणी घालणारा जगात हा एकटाच भाऊ. ती गेली तेव्हा अंगावर घालायची माहेरची साडी त्यानंच आणली. हिरवी, जरीच्या काठाची. कुठून आणली कोण जाणे.

आण्णांनी दोन घास खाल्ले. मामानं माझ्याकडं पाहिलं.

"ऊर्मे, आज माशांस्नी किती खाद्य टाकू गं?"

"एका पिंजऱ्याला एक घमेलं. सकाळी एकदाच."

"ठावं हाय. पारीसंगं काय कमी वेळा गेलोय व्हय."

त्यानं वल्हं उचललं आणि तो पाण्याकडं गेला.

आणखी एक दंडक होता, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ तोच. घरात मयत झालं की दहाव्यापर्यंत त्या घरच्या माणसानं नावेत पाय ठेवायचा नाही, धरणाच्या पाण्याला हात लावायचा नाही. मेलेलं माणूस दहा दिवस पाण्यावर फिरत असतं. घरच्यांनी त्याच्या वाटेत वल्हं घातलं की ते मध्येच अडकतं, असं म्हातारी माणसं सांगत. मी बारावी शिकलेली. एरवी असल्या गोष्टींना नाक मुरडायची. पण आपली आई मध्येच कुठं अडकून पडावी असं कुणाला वाटेल? मी नळाच्या पाण्यानंसुद्धा जपून हात धूत होते.

अंगणातून पिंजरे दिसायचे. निळ्या पिंपांवर तरंगणारी लोखंडी चौकट, तिच्याखाली पाण्यात सोडलेली जाळी, आणि जाळ्यांत वाढणारे चिलापी मासे. मच्छीमार सोसायटीनं पिंजरे वाटले तेव्हा आईनं अर्ज केला आणि सगळे हसले. ती हसणाऱ्यांकडं बघत उभी राहिली आणि पिंजरे घेऊनच घरी आली. आळीत पिंजरे असलेली ती एकटी बाई.

मी तेव्हा सासरी होते. दोन वर्षं नांदले, म्हणजे राबले, आणि एका पिशवीनिशी परत आले. आईनं कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नावेत बसवलं आणि म्हणाली, "चल, मासं वाट बघत्यात." त्या दिवसापासून पिंजरे आमच्या दोघींचे झाले. मला माहेरी येऊन पडलेली म्हणणारी तोंडं हळूहळू बंद झाली, कारण मी पडलेली नव्हते, रोज पाण्यावर होते.

आता आई नव्हती आणि पिंजरे तिच्या नावावर होते. सोसायटीचे चेअरमन भानुदास नगरे भेटायला आले तेव्हा चूल बंद म्हणून चहाऐवजी नुसतं पाणी प्यायले आणि मला बोलले, "ऊर्मिला, काळजी करू नगंस. मासा तयार झालाय. एवढी खेप नीट निघू दे, मग सभेत तुझं नाव लावून टाकू. खेप बिघडली तर मात्र लोक म्हणत्याल, एकट्या पोरीला जमत न्हाई, आन माझंबी काय चालणार न्हाई."

म्हणजे सगळं त्या माशांवर होतं. ते जगले तर मी पिंजरेवाली, नाहीतर परत आलेली. मला हे कळत होतं, आण्णांना कळत होतं, आळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मासे कसे जगवायचे हे आम्हाला शेट्ये मॅडमनी शिकवलं होतं. त्या मूळच्या कोकणातल्या, माशांच्या डॉक्टरच म्हणा ना. मध्ये काही महिने नॉर्वेत सॅल्मन माशांच्या शेतीवर राहून आल्या होत्या. तिथं म्हणे सकाळचं पहिलं काम एकच असतं, मेलेले मासे उचलायचे आणि ते का मेले ते विचारायचं.

"मेल्याला काय इचारायचं, बाई?" आई म्हणाली होती. "त्यो काय बोलणार हाय?"

"बोलतो. पोट उघडलं की बोलतो."

आईला ते इतकं पटलं की त्यानंतर जाळीत एखादा मेलेला सापडला की ती विळीवर त्याची चौकशीच लावायची. कल्ले उचकटून बघायची. लाल असले की म्हणायची, बाकीची पोरं बरी हायत.

सुतकाच्या मधल्या दिवसांत आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही. नुसतं राखेच्या रंगाचं आभाळ पाण्यावर टेकलेलं. मामा आला तेव्हा मी सांगितलं, "मामा, आभाळ आलंय. आज अर्धंच टाक. उद्याबी असंच राहिलं तर टाकूच नको."

"बरं," मामा म्हणाला. लहान मूल काही सांगतं तेव्हा मान हलवतात तशी त्यानं मान हलवली.

दोन दिवस आभाळ हललं नाही. तिसऱ्या सकाळी मला आधी घारी दिसल्या. पिंजऱ्यांवर घिरट्या घालत होत्या, आणि एरवी काठाला असणारे बगळे पिंपांवर ओळीनं बसले होते. मग मामाची नाव दिसली. एरवी बाणासारखी सरळ येणारी नाव वाकडीतिकडी येत होती. तो काठावर उतरला, नाव बांधायची विसरला आणि अंगणात आला. आज त्याच्या हातात जेवण नव्हतं.

"ऊर्मे, पोरं गेली गं."

आण्णा भिंतीपासून उठले. कितीतरी दिवसांनी ते कोणी न सांगता उठले.

"किती?"

"समदी. वर पांढरी झाल्यात नुसती. पाणी दिसंना."

मामा मटकन खाली बसला. त्याच्या विजारीला खवलं चिकटली होती. त्यानं हातानं तोंड पुसलं आणि तो रडायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत.

"काल कशी वर आल्ती, दाजी. म्या गेलो तर समदी वरच हुती, तोंडं वासून माझ्याकडं बघत. अशी कधी येत न्हवती. मला वाटलं, पारी गेल्यापास्नं पोटभर मिळालं न्हाई त्यास्नी. ऊर्मीनं टाकू नगं म्हून सांगितल्यालं, पन माझा हात राहिना. घमेल्यावर घमेलं दिलं. सांजच्याला परत जाऊन दिलं. म्हटलं, खाऊन घ्या रं लेकरांनो, तुमची आई न्हाई तर मामा हाय. आन आज ही अशी."

मी आण्णांकडं पाहिलं. आण्णा माझ्याकडंच बघत होते.

आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं. ढगाळ दिवसात, वारं पडलेलं असलं की पाण्यातली हवा कमी होते. मासा मग वर येतो आणि तोंड वासतो. ती भूक नसते, तो गुदमरत असतो. त्याला त्या वेळी खायला घालणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला ताटावर बसवणं. खाल्लेलं पचवायला आणखी हवा लागते, आणि जे खात नाही ते जाळीवर कुजून उरलीसुरली हवा संपवतं. शिकवणीला पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. शिकवणीला मामा नव्हता. तो आयुष्यभर जाळ्यानं मासे धरत आला. मासा पाळायचा कसा हे त्याला कोण सांगणार?

"मामा, अरे मी तुला—"

"ऊर्मे," आण्णा म्हणाले. एवढंच. पण मी गप्प झाले.

दुपारपर्यंत सगळी सोसायटी काठावर होती. आम्हाला पाण्याला हात लावता येत नव्हता, म्हणून दुसऱ्यांनीच नावा काढल्या आणि जाळ्या उपसून पाट्या भरभरून मासे काठावर आणले. सगळ्यांत जास्त खेपा मामानं केल्या. ज्या माशांची नजर आणि पाठ मी ओळखायची, ते मऊ पडून एकमेकांवर निसटत होते. कोणीतरी खड्डा खणला, कोणीतरी चुना आणला. आण्णा आणि मी बाभळीपाशी उभे होतो. आपल्या घरातलं मयत दुसऱ्यांनी उचलावं आणि आपण बघत राहावं, तसं ते होतं.

शेट्ये मॅडम निरोप मिळाल्या मिळाल्या आल्या. पायांत बूट, हातात मोजे. त्यांनी एका फळीवर पाच-सात मासे मांडले, कल्ले उचकटले, कातरीनं पोटं उघडली. सगळे गोल करून उभे राहिले.

"रोग नाही," त्या म्हणाल्या. "जखम नाही, किडा नाही. विष वगैरे कोणी टाकलेलं नाही. हे गुदमरून मेलेत." मग त्यांनी एक आतडं बोटांत धरून दाबलं. त्यातून खाद्याचा लगदा बाहेर आला. "आणि हे बघा. गच्च भरलंय. जाळीच्या तळालाही खाद्य साचलंय, मी बघून आले. असल्या हवेत इतकं कोणी घातलं?"

 नाव घ्यायची गरज नव्हती. सोपान रोज पिंजऱ्यावर जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकेक मान त्याच्याकडं वळली.

भानुदास नगरे माणूस वाईट नव्हता, पण चार लोक जमले की त्याच्या अंगात सभा संचारायची. तो घसा साफ करून म्हणाला, "सोसायटीचा नियम सगळ्यास्नी म्हाईत हाय. इचारल्याबिगर दुसऱ्याच्या पिंजऱ्यावर जायचं न्हाई. आन ज्याच्या हातनं मरतुक झाली, त्याचं नाव सोसायटीतनं कमी, त्याची नाव पाण्यावरनं बंद. हे मी न्हाई म्हणत. आपुन समद्यांनी ठरवलंय."

मामाच्या हातात माशांची पाटी होती. ती तशीच राहिली. नावेशिवाय त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं. पण त्याच्या तोंडावर नावेची भीती नव्हती. तो फळीवरच्या त्या लगद्याकडं बघत होता. तुमची आई न्हाई तर मामा हाय, असं म्हणून त्यानंच घातलेलं ते खाद्य. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत चाललं होतं, आणि ते मला दिसत होतं.

"मी..." तो म्हणाला. "मी काल..."

"सोपाननं मापातच टाकलं," आण्णा म्हणाले.

ते बाभळीपासून पुढं आले होते. त्यांचा आवाज इतक्या दिवसांनी बाहेर पडल्यामुळं खरखरीत झाला होता.

"ऊर्मीनं सांगितलं तेवढंच त्यो टाकायचा. त्याच्यावर दिवस मावळायला मी जाऊन टाकत हुतो. रोज. काल लई टाकलं."

भानुदासच्या अंगातली सभा उतरली. "तुम्ही? ज्ञानबा, घरात सुतक हाय."

"हाय."

"मग कसं गेलासा?"

"टायरच्या ट्यूबवर बसून. कडंकडंनं. कुणाला दिसू नये म्हून."

"आन का?"

"जीव राहिना. तिचं मासं हुतं."

आण्णा एकदाही पाण्यावर गेले नव्हते. रोज तिन्हीसांजेला, आईला ठेवलं होतं त्या जागेवरच्या दिव्यात मी तेल घालायची तेव्हा ते माझ्या शेजारी बसलेले असायचे. मी तोंड उघडलं.

"आण्णा, तुम्ही तर—"

"ऊर्मे, मॅडमना पाणी आण जा. उन्हात कवाधरनं उभ्या हायत."

ऊन कुठं होतं? आभाळ तर टेकलेलं होतं. पण त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की माझे पाय घराकडं वळले. मी तांब्या घासला, पाणी भरलं, आणि रडत नव्हते तरी चुलीपाशी थोडा वेळ उभी राहिले. परत आले तोवर लोक बोलून मोकळे झाले होते. मरतुक घरच्याच हातनं झाली म्हणून आण्णांची नाव बंद, पिंजरे सोसायटीकडं परत. सुतक मोडलं ते वेगळंच. त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण बायकांनी पदर तोंडाला लावले होते.

मामानं पाटी खाली ठेवली. हात विजारीला पुसले आणि तो आण्णांसमोर येऊन उभा राहिला. त्यानं आण्णांवर विश्वास ठेवला होता. ठेवायचाच होता त्याला; सकाळी अंगणात सांगितलेली स्वतःची घमेली तो विसरायलाही तयार होता. मघाशी त्याच्या डोक्यात जे जुळत होतं त्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं.

"दाजी, धा दिस थांबता आलं न्हाई तुमास्नी?"

मामा आणखी पुढं सरकला.

"म्या मापात टाकत हुतो. तुमी वरनं टाकून मारलीसा. बरं, मासं गेलं तर गेलं. पन माझी भन? तिच्या वाटंत गेलासा तुमी. आता कुठं अडकली आसंल ती? कुणाला इचारू मी?"

"चुकलं माझं," आण्णा म्हणाले.

"तिला माझ्या गावचं पाणीबी सुखानं वलांडू दिलं न्हाईस." मामाचा आवाज फुटला. तीस वर्षं तो आण्णांना अहो-जाहो करत आला होता. "आजपास्नं तू माझा दाजी न्हाईस, ज्ञानबा. माझ्या सावलीला हुबा राहू नगंस."

तो वल्हं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी कडू घास शेजारच्या बाईनं आणला.

मासे मेले त्याच संध्याकाळी दिव्यात तेल घालताना मी आण्णांना विचारलं. विचारलं म्हणजे भांडलेच.

"खोटं का बोलला तुम्ही? मामाची नाव वाचवायला? माझे पिंजरे गेले. सभेत माझं नाव लागणार होतं. मी आता काय करू? परत जाऊ त्या घरात?"

"न्हाई. तिथं जायाचं न्हाई."

"मग?"

आण्णांनी बोटानं वात पुढं सारली. मग हळूहळू बोलले, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे.

"नावंचं काय न्हाई गं. त्याची नाव बंद झाली आसती तर त्याला मी माझ्या नावंवर घेतला आसता. तुझी आई लगीन होऊन आली तवा तिच्यामागं कोण न्हवतं. माझी आई लई टोचून बोलायची. बिनमाहेराची, पाण्यातली, काय काय. मला काय बोलता यायचं न्हाई. पन सोपान दारात आला की म्हातारी गप व्हायची. कवा भाकरी घेऊन यायचा, कवा नुस्ताच यायचा. तिला माहेर त्यानं दिलं, एकट्यानं. आता त्याच हातानं तिचं मासं मेलं, हे त्याला कळलं, तर त्यो हात त्यो कुठं ठेवंल?"

"आणि मी?"

"तू माझी हायेस." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुझ्याकडं मला मागता येतं. त्याच्याकडं काय मागू?"

मला तेव्हा हे पटलं नाही. मी तेलाची बाटली आपटून बाहेर गेले. माझा राग चांगला काही वर्षं टिकला, उगाच कशाला खोटं सांगा.

दहाव्याला पिंड मांडला आणि कावळा शिवेना. दोन-तीन कावळे समोरच्या फांदीवर बसून होते, पण खाली येईनात. भटजी म्हणाले, बाईंची काही इच्छा राहिली असेल, बोला. आण्णा म्हणाले, पोरीला अंतर देणार न्हाई. कावळा आला नाही. शेजारची बाई काहीतरी म्हणाली, भानुदास सोसायटीच्या वतीनं काहीतरी म्हणाला. मग कुजबुज सुरू झाली आणि सगळे आण्णांकडं बघायला लागले. सुतक मोडलं, आता कशाचा शिवतोय? मामा लांब, सगळ्यांच्या मागं, पाठ करून उभा होता. त्याला ती फांदी बघवत नव्हती.

आण्णा मान खाली घालून ते सगळं अंगावर घेत होते.  मी हात जोडले आणि मनात म्हटलं, आई, मामाला मी कधी कळू देणार नाही. जा तू.

कावळा शिवला. त्याला भूक लागली असेल.

पुढं मी हायवेवरच्या हॉटेलात मासे साफ करायला लागले. पाळायचे ते कापायला लागले, एवढाच फरक. मग हळूहळू तिथलं स्वयंपाकघर माझ्या हातात आलं. आण्णा उपसा सिंचनाच्या मोटारीवर राखणदार म्हणून राहिले. आळीत त्यांना कोणी वाईट वागवलं नाही, पण नावांची पूजा असली की त्यांना कोणी बोलवायचं नाही, आणि जाळं पहिल्यांदा पाण्यात सोडताना ते काठावर दिसले तर लोक थांबायचे. ते मग स्वतःच वाट बदलून जायचे. मामा वाटेत आला तर मामा वाट बदलायचा. एकाच आळीत राहून दोघे शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आण्णा गेले त्या दिवशी मामा मसणवट्यापर्यंत आला, बाभळीखाली उभा राहिला, पण खांदा द्यायला पुढं झाला नाही. मी वाट बघितली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी मामाच्या सुनेचा फोन आला. म्हातारा सारखं तुमचं नाव घेतोय, येऊन जावा.

मामा खाटेवर चिपाडासारखा पडला होता. मला बघून त्यानं सुनेला बाहेर जायला सांगितलं. मी शेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला. जाळं ओढून ओढून घट्टे पडलेला हात. आता त्यात काही वजन नव्हतं.

"ऊर्मे," तो म्हणाला, "मागं एकदा नगऱ्याच्या पिंजऱ्यावर जाऊन बसल्तो. आभाळ आल्तं. तर मासं समदं वर आलं, तोंडं वासून. म्या म्हटलं, भुकेजल्यात रं, टाक की खायाला. त्याचं पोरगं म्हणलं, येडा का म्हाताऱ्या, गुदमरत्यात ती. आता टाकलं तर मरतील."

तो थांबला. श्वास घ्यायला त्याला वेळ लागत होता.

"तवापास्नं झोप न्हाई मला. त्या दिशीबी तशीच आल्ती गं वर. तोंडं वासून. म्या टाकलं हुतं." त्यानं माझा हात आवळला. "तू घरात हुतीस. खरं सांग. तुझा बाप पाण्यावर गेल्ता का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला ते विचारत होतं. एक नाही म्हटलं असतं तर आण्णांवरचा सगळा डाग पुसला गेला असता. त्यांच्या माघारी का होईना, पण ज्याच्यासाठी त्यांनी ते केलं त्या माणसाला तरी कळलं असतं की ज्ञानबा कोण होता. माझ्या जिभेवर आलं होतं. आण्णांची मला इतकी आठवण आली की डोळ्यांसमोरचं दिसेना.

"गेले होते, मामा," मी म्हणाले.

"तू बघितलंस?"

"मी काठावर उभी होते. कोणी येतंय का बघत. ट्यूब मीच धरली होती रोज."

"तूबी?"

"मीबी."

मामानं डोळे मिटले. त्याच्या छातीतून लांब श्वास बाहेर पडला, आणि आवळलेली बोटं सैल झाली.

"मग माझ्या हातनं न्हाई," तो म्हणाला.

"नाही मामा. तुझ्या हातनं नाही."

 मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता तो म्हणाला, "तुझ्या बापाला म्या माफ न्हाई केलं. अजूनबी न्हाई."

"नको करूस," मी म्हणाले.

"तुलाबी न्हाई."

"बरं."

त्यानं माझ्या हातातून हात काढून घेतला आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं तो घोरायला लागला. सून पाय न वाजवता दारात आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "झोपले? कितीतरी रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता हो."

"झोपू दे," मी म्हणाले. "उठवू नकोस."